दाखला की बोधकथा? संडे स्कूलमधला रोजचा घोटाळा

"येशूने इतके दाखले का दिले असतील?" मी वर्गात विचारलं. दुसऱ्या रांगेतला एकजण म्हणाला, "टीचर, तो तहसीलला कामाला होता का?"

पोरं खिदळली. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या आठवड्यात त्याच्या घरी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेपा चालू होत्या. जन्माचा, जातीचा, शाळा सोडल्याचा, आपल्या रोजच्या मराठीत दाखला म्हणजे शिक्का मारलेला कागद. मराठी बायबलात मात्र येशू ज्या छोट्या छोट्या गोष्टी सांगतो त्यांना दाखला म्हणतात. पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला, उधळ्या मुलाचा दाखला.

हा घोटाळा दोन मिनिटांत सुटतो. नाशिकला शरणपूर रोडच्या अंगाला चर्चच्या संडे स्कूलमध्ये दर रविवारी मुलांना शिकवताना मला जाचतो तो दुसराच, आणि तो आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे. आम्ही हातात दाखला घेतो आणि तोंडाने बोधकथा सांगून मोकळे होतो.

बोधकथा कुणाला समजावून सांगायला नको. सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी १८२८ मध्ये इसापनीती मराठीत आणली, तेव्हापासून मराठी पोरांच्या कानाला 'तात्पर्य' या शब्दाची सवय आहे. गोष्ट संपली की खाली एक ओळ. लबाडाची संगत धरू नये. गर्वाचे घर खाली. त्या ओळीसाठीच गोष्ट रचलेली असते. गोळी तात्पर्याची, गोष्ट म्हणजे वरचा कागद. गोळी तोंडात गेली की कागदाचं काम संपलं. बोधकथेतला कोल्हा लबाडच असतो आणि गाढव मूर्खच, म्हणून मुलाला कुठे उभं राहायचं ते आधीच ठाऊक असतं. शहाण्याच्या बाजूला. बाहेर बसून, आरामात.

दाखल्याची चाल निराळी. मूळ ग्रीक शब्द 'पॅराबोले', म्हणजे एका वस्तूच्या शेजारी दुसरी आणून ठेवणं. देवाच्या राज्याशेजारी मोहरीचा दाणा. दोन्हींच्या मधलं अंतर ऐकणाऱ्याने आपल्या पायांनी तोडायचं. त्यात बोलणारे प्राणी नसतात. पीठ मळणारी बाई असते, शेतकरी असतो, दोन मुलांचा बाप असतो. सुरुवात इतकी साधी की आपण निर्धास्त होतो, आणि मग एका ठिकाणी गाडी रुळावरून घसरते. पोराने इस्टेट उडवली, आणि बाप त्याला बघून धावत सुटतो. शेवट तर बऱ्याचदा नसतोच. उधळ्या मुलाच्या दाखल्यात थोरला भाऊ रागावून दाराबाहेर उभा आहे, बाप त्याला समजावतोय, आणि येशूचं चरित्र लिहिणाऱ्या लूकने गोष्ट तिथेच सोडली आहे. तो आत गेला का, हे आजतागायत कुणाला माहीत नाही.

दाखला ऐकणाऱ्याशी काय करतो, याचा उत्तम नमुना जुन्या करारात, म्हणजे बायबलाच्या येशूच्या आधीच्या भागात आहे. २ शमुवेल हे पुस्तक, अध्याय १२. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे धाडून मारवलं. नाथान संदेष्टा त्याच्याकडे जातो आणि एका गरिबाच्या एकुलत्या एक कोकरीची गोष्ट सांगतो. घरात पाहुणा आला म्हणून शेजारच्या श्रीमंताने स्वतःचा कळप सोडून ती कोकरी कापली. दावीद संतापतो, तो माणूस मेलाच पाहिजे म्हणतो. तेव्हा नाथान सांगतो, तो माणूस तूच. आता नाथानने गोष्टीच्या आधीच 'परस्त्रीची अभिलाषा धरू नये' असं सांगितलं असतं तर? दावीदाने मान डोलावली असती आणि पंक्तीला बसवलं असतं.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या दोघांमधला बांध शेताच्या बांधासारखा सरळ नाही. बायबलात अस्सल बोधकथाही आहे. शास्ते या पुस्तकात, अध्याय ९ मध्ये, झाडं आपल्यासाठी राजा शोधत फिरतात. जैतून नाही म्हणतं, अंजीर नाही म्हणतं, द्राक्षवेल नाही म्हणते, शेवटी काटेरी झुडूप गादीवर बसायला तयार होतं. निवडणुकीच्या दिवसांत मोठ्या मुलांना ही सांगून बघा. दुसऱ्या बाजूने, पेरणाऱ्याच्या दाखल्याचा अर्थ येशूने शिष्यांना स्वतः फोडून सांगितला आहे, आणि लूकने तर अध्याय १८ मध्ये दाखल्याच्या आधीच तो कशासाठी आहे ते लिहून ठेवलं आहे. आपल्या मराठीतही मधली एक जात आहे. महानुभावांच्या दृष्टांतपाठात चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत आहेत. तिथे आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्याचा उलगडा म्हणजे दार्ष्टांतिक, अशी बैठक असते. कीर्तन ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही घडण सवयीची, आणि आमचं ख्रिस्ती कीर्तनही त्याच मुशीतलं. त्यामुळे गोष्ट सांगितली की उलगडा करायलाच हवा, असं हाताला वळण पडलं आहे. मला ते वळण मोडायला बराच वेळ लागला.

मोडलं ते द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्याने. मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय २०. मळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जातो, दिवसाचा एक दिनार रोज ठरवतो, माणसं घेऊन येतो. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि शेवटी संध्याकाळी पाचला. सहाला काम सुटतं. कारभाऱ्याला तो सांगतो, शेवटी आलेल्यांपासून वाटायला घे. एक तास राबलेल्याच्या हातावर पूर्ण दिनार. पहाटेपासून उन्हात करपलेल्याच्याही हातावर एकच दिनार.

ही गोष्ट मी कितीतरी वेळा "दुसऱ्याचं चांगलं झालं तर जळू नये, देव उदार आहे" असं म्हणून संपवली होती. वर द्राक्षाच्या घडाचं चित्र रंगवायला. मुलं घड जांभळा रंगवायची आणि घरी जायची.

एका जानेवारीत मी तो शेवट गिळला. बागा ऐन तोडणीला आलेल्या. वर्गात दिंडोरी-पिंपळगावकडून शहरात आलेल्या घरांतली मुलं होती, एकीची आई टोळीबरोबर द्राक्षाच्या विरळणीला जायची. मी गोष्ट दिनारापाशी आणून थांबवली आणि गप्प बसले. पहिला आवाज आला, "हे चीटिंग आहे." दुसरा म्हणाला, "टीचर, मग उद्या सगळे पाचलाच येतील ना!" मला उत्तर माहीत नव्हतं. खरंच, येतील की. मग मागून ती विरळणीवालीची मुलगी म्हणाली, "पण त्यांना दिवसभर कुणी नेलंच नव्हतं. नाक्यावर उभं राहून कुणी नेलं नाही तर घरी जाताना लाज वाटते."

मी घरी येऊन सातवं वचन पुन्हा वाचलं. ते मजूर नेमकं तेच म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलं नाही. माझ्या जळू-नये च्या तात्पर्याखाली हे वचन इतकी वर्षं गाडलेलं होतं. आणखी एक दिसलं. मालकाकडे कारभारी आहे, वाटप तोच करतो. तरी नाक्यावर पाचही वेळा मालक स्वतः जातो. शिवाय ही गोष्ट आधीच्या अध्यायातल्या पेत्र या शिष्याच्या प्रश्नावर आलेली आहे: आम्ही सगळं सोडलं, आम्हाला काय मिळेल? म्हणजे हिशेबाचा विषय पहिल्यापासूनच निघालेला होता. माझ्या वर्गातल्या मुलांना तो लगेच कळला, कारण रोज, हजेरी, उक्तं हे शब्द त्यांच्या घरातले.

चांगल्या शमरोन्याचंही आम्ही असंच केलं आहे. तात्पर्य ठरलेलं: अडचणीतल्याला मदत करा. मदतीचीच गोष्ट हवी असेल तर ती शरणपूरची सांगा, ती खरी आहे आणि इथलीच आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनच्या वसाहतीत राहिली, शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन १८७४ मध्ये इंग्लंडपर्यंत गेला. अशा गोष्टीखाली 'तुम्हीही असं करा' लिहिलं तर काही बिघडत नाही.

शमरोन्याचा दाखला मात्र तिथे थांबत नाही. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी वाट, पंचवीसेक किलोमीटरमध्ये हजार मीटरच्या आसपासचा उतार, चोरांची. आमच्या मुलांना मी कसारा घाट आठवायला सांगते. माणूस अर्धमेला पडलाय. याजक म्हणजे पुरोहित बाजूने गेला, मंदिराची सेवा करणारा लेवी बाजूने गेला. ऐकणाऱ्या यहुद्यांना वाटलं असेल, आता आपल्यासारखा एखादा साधा यहुदी येणार. येतो शमरोनी, ज्याच्याशी त्यांचं पिढ्यान्पिढ्या वैर. म्हणजे ऐकणारा मदत करणाऱ्याच्या जागी नाहीच, तो रस्त्यावर पडलेला आहे आणि नको असलेला हात त्याच्याकडे येतोय. 'शमरोनी' हा शब्दच आता 'चांगला' च्या मागे लागून इतका गुळमुळीत झालाय की तो काटा टोचत नाही. मी मुलांना नाव सुचवत नाही. एवढंच विचारते, कोण आला असता तर तुम्ही म्हणाला असता, नको, दुसरा कुणीतरी येऊ दे? वर्ग गप्प होतो. कुणीतरी शेजारच्या बिल्डिंगकडे बघतं. 'माझा शेजारी कोण?' असं विचारणाऱ्या शास्त्र्याला येशूने हा दाखला सांगितला आणि शेवटी उलट प्रश्नच केला, यांतला शेजारी कोण ठरला? आणि त्या शास्त्र्याच्या तोंडून 'शमरोनी' शब्द बाहेर पडला नाही, 'दया करणारा' एवढंच निघालं, हेही मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

मुलांच्या धर्मशिक्षणात ही वाट रुळवणारी माणसं आहेत. सोफिया कावालेत्ती या हिब्रूच्या अभ्यासक बाईंनी १९५४ मध्ये रोममध्ये जान्ना गोब्बी या मॉन्टेसरी शिक्षिकेबरोबर काम सुरू केलं. लहानग्यांसाठी त्यांनी चांगल्या मेंढपाळाचा दाखला निवडला. लाकडी मेंढरं, लाकडी कुंपण, आणि मूल स्वतःच्या हाताने ती हलवतं. त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन अमेरिकेत जेरोम बेरीमन यांनी 'गॉडली प्ले' उभं केलं. तिथे दाखले सोनेरी खोक्यात ठेवतात. खोक्याला झाकण असतं, कारण दाखला कधीकधी उघडतच नाही, पुन्हा यावं लागतं. गोष्ट झाल्यावर प्रश्न येतो तो 'मला नवल वाटतं, की...' असा. आमच्याकडे सोनेरी खोकं नाही, मिठाईचा रिकामा डबा आहे. चालतो.

मी तीन-चार वर्षांच्या मुलांना मजुरांचा दाखला सांगत नाही. त्यांना मेंढपाळ पुरे. हिशेब कळायला लागला, 'मला कमी का' सुरू झालं, की मग द्राक्षमळा. 'या गोष्टीतून आपण काय शिकलो?' हा प्रश्न मी फळ्यावरून पुसला आहे. त्याऐवजी विचारते, या गोष्टीत तू कुठे उभा आहेस? एक मुलगा म्हणाला, मी कारभारी, मला काय, मी फक्त वाटतो. याच्यावर मी काय बोलणार? पुढच्या रविवारी तीच गोष्ट पुन्हा सांगितली.

बोधकथेला मी हाकललेलं नाही. खोटं बोलू नये, चोरी करू नये, हे मुलाला सरळ कळायलाच हवं आणि त्यासाठी तात्पर्यवाली गोष्ट उत्तम. फक्त दोन्ही एकाच पिशवीत भरू नयेत. रोज तात्पर्य खाऊन वाढलेलं मूल दाखला ऐकतानाही खालच्या ओळीची वाट बघत बसतं, आणि ओळ आली की कान मिटतं.

पालकांना हे पचतंच असं नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी 'आजचा बोध' टाकायची पद्धत होती. ती बंद केल्यावर दोघीतिघींनी विचारलं, टीचर, नेमकं शिकवलं काय? मी लिहिलं, मत्तय २०, वचने १ ते १६, आणि गप्प बसले.

सोमवारी रात्री एकीचा फोन आला. तिच्या सासऱ्यांची ओझरकडे द्राक्षबाग. जेवताना नातवाने विचारलं, "आप्पा, पाच वाजता आलेल्याला तुम्ही किती देता?"

आप्पा म्हणाले, "पाचला येतो तो कामाला येतच नाही."

"पण त्याला कुणी नेलंच नसलं तर?"

मग म्हणे आप्पा हिशेब सांगायला लागले, आजी मधे पडली, तिने कुठल्याशा सालातल्या गारपिटीची आठवण काढली, तेव्हा मजुरांना आप्पांनी काय दिलं होतं आणि काय दिलं नव्हतं ते निघालं, आणि भाकरी ताटात गार झाली.

"असलं काय शिकवता हो पोरांना," ती म्हणाली. "आप्पा अजून झोपले नाहीत."