राममनोहर लोहिया : गोव्यातील स्मृतिजतन व स्मृतिवस्तुसंग्रह

समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया (२३ मार्च १९१०–१२ ऑक्टोबर १९६७) यांच्या १९४६ च्या गोव्यातील पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या सत्याग्रहाशी संबंधित पत्रके, वृत्तपत्रे, छायाचित्रे, पत्रव्यवहार व इतर वस्तू जमवून जपण्याची, तसेच त्या सत्याग्रहाची स्थळे व दिनांक स्मरणात ठेवण्याची गोमंतकातील प्रथा. मडगावचे लोहिया मैदान, १८ जूनचा क्रांतिदिन आणि पणजीचा अठरा जून मार्ग सर्वपरिचित आहेत. वस्तूंचा संग्रह मात्र विखुरलेला असून त्यातील बराच भाग कुटुंबांच्या कपाटांत आहे.

या स्मृतीचा प्रारंभबिंदू कोणता मानावा, याविषयी मतभेद आहेत. आग्र्याच्या तुरुंगातून एप्रिल १९४६ मध्ये सुटल्यावर लोहिया त्याच वर्षीच्या जूनमध्ये असोळणे येथे डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी आले. दोघांची ओळख बर्लिनमधील विद्यार्थिदशेतली होती. एका मतानुसार हे येणे केवळ विश्रांतीसाठी होते, आणि नागरी स्वातंत्र्याची गळचेपी प्रत्यक्ष पाहिल्यावर सत्याग्रहाचा निर्णय झाला. दुसरे मत असे, की मिनेझिस यांच्यासारखे कार्यकर्ते आधीपासून भूमी तयार करीत होते आणि लोहियांच्या येण्याने तिला निमित्त मिळाले. गोव्यातील राष्ट्रवादी चळवळीचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्येच गोवा काँग्रेस कमिटी स्थापली होती आणि असोळण्याहून मडगावच्या सभेपर्यंतचा अवधी जेमतेम आठवड्याचा होता, हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. विश्रांतीचा हेतू त्यामुळे खोटा ठरत नाही. परंतु संग्रहात केवळ लोहियांचे नाव असलेले कागद निवडून कुन्हा व मिनेझिस यांचे कागद बाजूला ठेवल्यास घटनेचा अर्थच हरवतो.

मंगळवार, १८ जून १९४६ रोजी परवान्याविना भरलेल्या मडगावच्या सभेत कॅप्टन मिरांडा या अधिकाऱ्याने पिस्तूल काढले व लोहियांनी त्याचा हात धरून त्याला बाजूला सारले, असा वृत्तांत रूढ आहे. पिस्तूल रोखले होते की नुसते बाहेर काढले होते आणि अटकेपूर्वी लोहिया किती बोलू शकले, या तपशिलांत आठवणी जुळत नाहीत; लोहिया व मिनेझिस यांच्या अटकेविषयी मात्र एकवाक्यता आहे. सप्टेंबरअखेरीस लोहिया पुन्हा आले असता कुळे स्थानकावर त्यांना पकडून आग्वाद किल्ल्यात डांबण्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये प्रवेशबंदीसह सोडण्यात आले. महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून त्यांची बाजू उचलून धरली होती. त्या अंकांच्या मूळ प्रती हा या संग्रहातील तुलनेने निश्चित प्रामाण्याचा भाग होय, कारण त्यांवर दिनांक व मुद्रणस्थळ छापलेले असते.

इतर कागदांची स्थिती अशी नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत मुद्रणपूर्व तपासणी सक्तीची होती. लग्नपत्रिकासुद्धा तपासनिसाच्या नजरेखालून जात. त्यामुळे चळवळीच्या पत्रकांवर मुद्रक व दिनांक नसणे स्वाभाविक होते आणि झडतीच्या भीतीने ती जाळली वा पुरलीही गेली. या कारणाने उपलब्ध पत्रकाची मालकीपरंपरा, म्हणजे ते कोणाकडून कोणाकडे आणि कोणत्या गावात आले याची दाखल नोंदवहीतील नोंद, ही वस्तूइतकीच मोलाची ठरते. १८ जूनचे म्हणून सांगितल्या जाणाऱ्या छायाचित्राच्या बाबतीतही पार्श्वभूमीतील इमारती, छापकागदाचा प्रकार आणि पाठीमागील शिक्का तपासल्याशिवाय दिनांक स्वीकारू नये.

जतनाची अडचण प्रामुख्याने हवेची आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिमी. पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात येतो. तेव्हा बुरशी, कसर व वाळवी यांना आयते पोषण मिळते. त्या काळचा वृत्तपत्री कागद लाकडी लगद्याचा असल्याने त्यातील लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे आम्लता वाढते. कागद पिवळा पडतो, नंतर घडीवर तुटतो. असे अंक उलगडून, आम्लमुक्त कागदाच्या वेष्टनात सपाट ठेवावे लागतात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावणे आणि लॅमिनेशन करणे या घरोघरी चालणाऱ्या दोन उपायांनी पत्रकांचे अतोनात नुकसान झाले आहे. पट्टीचा डिंक कागदात मुरून तपकिरी होतो आणि लॅमिनेशन कागदाला इजा न करता सहसा काढता येत नाही. दुरुस्तीसाठी पातळ जपानी कागद व गव्हाच्या पिठाची खळ वापरणे श्रेयस्कर, कारण ती पाण्याने सुटते.

पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक मूल्याचा कागद ७५ वर्षांनी पुरावस्तूच्या व्याख्येत येतो, तर बहुतेक इतर वस्तूंना १०० वर्षांची अट आहे. त्यामुळे १९४६ ची अशी पत्रके २०२१ मध्ये या मर्यादेत आली आणि ती परदेशी नेण्यावर निर्बंध लागू झाले; त्याच वर्षाच्या खादीच्या टोपीला ही अट २०४६ मध्ये पूर्ण होईल. खाजगी संग्राहकांत ही बाब फारशी प्रसृत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

शासकीय बाजूचे दफ्तर राज्य पुराभिलेखागारात असते, तर जुन्या वृत्तपत्रांसाठी पणजीचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय (स्थापना १८३२) महत्त्वाचे आहे. आग्वादच्या तुरुंगाचे संग्रहालय डिसेंबर २०२१ मध्ये खुले झाले. कुन्हा यांचे अवशेष पणजीच्या आझाद मैदानावर जतन केलेले आहेत.

टपालखात्याने लोहियांवर १९७७ व १९९७ मध्ये तिकिटे काढली. ती सहज मिळतात. गोव्याच्या संग्रहात त्यांना स्थान द्यायचे तर मडगाव वा पणजीचा टपालशिक्का असलेली पाकिटे निवडण्याचा संकेत योग्य होय.