मान व पाठीच्या वरच्या भागातील जुनाट स्नायुदुखी आणि इंजेक्शनचा उपचार

कापूस वेचणाऱ्या मजूर भगिनी, केळीचे घड खांद्यावर वाहणारे शेतकरी आणि दिवसभर मान वाकवून दागिने घडवणारे जळगावचे कारागीर आमच्या केंद्रात बहुधा एकच तक्रार घेऊन येतात. एक्स-रेमध्ये मणक्यांची थोडी झीज दिसली की तेच दुखण्याचे कारण मानले जाते. मात्र वाढत्या वयात अशी झीज कोणतेही दुखणे नसलेल्यांमध्येही सर्रास आढळते. म्हणून आम्ही आधी बोटांनी स्नायू तपासतो. मानेपासून खांद्याकडे जाणाऱ्या ट्रॅपिझियस स्नायूत दोरीसारखा ताठ पट्टा आणि त्यात दुखरी गाठ लागली, व ती दाबल्यावर कळ कानशिलापर्यंत गेली, तर दुखणे मुख्यतः स्नायूचे असण्याची शक्यता मोठी असते.

अशा गाठीत बारीक सुईने लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध अगदी थोडे, साधारणपणे एक मिलीलिटरपेक्षाही कमी, सोडले जाते. सुई नेमक्या जागी पोहोचली की स्नायू क्षणभर फडफडतो, घाबरू नये. औषधाविना नुसत्या सुईनेही बऱ्याच रुग्णांना तेवढाच आराम मिळतो, यावरून सुई टोचण्याला किती महत्त्व आहे हे लक्षात यावे. स्टेरॉइड मिसळल्याने विशेष अधिक लाभ होत नाही, उलट मधुमेहींची साखर वाढू शकते. त्यामुळे रुग्णांनी आग्रह धरला तरी आम्ही या गाठींत ते देत नाही.

टोचलेली जागा एक-दोन दिवस ठणकते. चक्कर, रक्त साकळणे किंवा जंतुसंसर्ग हे धोके थोडे असले तरी आहेत. फुप्फुसाचे टोक खांद्याच्या स्नायूंच्या जवळच असल्याने सुई खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. ही घटना दुर्मीळ असली, तरी इंजेक्शननंतर छातीत दुखू लागले किंवा दम लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती स्वतःहून बंद करू नये, आम्हाला आधी सांगावे.

हाताची ताकद कमी होणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा कारणाविना वजन घटणे यांपैकी काहीही असल्यास इंजेक्शनआधी वेगळी तपासणी आवश्यक आहे.

इंजेक्शनमुळे मिळालेल्या आरामाच्या दिवसांत आम्ही शिकवलेले मानेचे ताण-व्यायाम रोज करावेत आणि शक्य तिथे वेचलेल्या कापसाचे ओझे मानेऐवजी कमरेवर घ्यावे. हे न केल्यास गाठ पुन्हा धरते, आणि केवळ त्यासाठी वारंवार सुई टोचून घेणे आम्हाला योग्य वाटत नाही.