गेमिंग अकाउंटला सिक्युरिटी की घ्यायची, का मोबाईलवरचा कोड पुरतो?

लॅमिंग्टन रोडच्या आमच्या दुकानात हल्ली रोज कोणीतरी हे विचारतं (सिक्युरिटी की म्हणजे लॉगिन करताना पासवर्डबरोबर लावायची छोटी वस्तू, आणि कोड म्हणजे मोबाईलवरचं ॲप दाखवतं तो), आणि काउंटरवर गर्दी असली की नीट सांगणं होत नाही, म्हणून हा कागद छापलाय. घरी न्या, वाचा, मगच पैसे खर्च करा.

मागे डोंबिवलीहून एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता. मित्राच्या अकाउंटवरून मेसेज आला की आमच्या टीमला व्होट कर, याने लिंक उघडली, समोर हुबेहूब स्टीमचं (कॉम्प्युटरवरचे गेम विकत घेऊन खेळायची साइट) लॉगिन पेज, पासवर्ड टाकला, मोबाईलवरचा पाच अक्षरांचा कोडही टाकला. रात्रीतून कोणीतरी त्याच्या अकाउंटवरून चीट लावून खेळलं, अकाउंट बॅन, आणि तीच लिंक त्याच्या सगळ्या मित्रांना गेली. वडील सारखं विचारत होते, अहो कोड तर याच्याच मोबाईलवर होता ना, मग चोराला मिळाला कसा? यानेच टाइप करून दिला म्हणून मिळाला. ॲपमधला कोड साधारण ३० सेकंदांनी बदलतो हे खरं, पण खोट्या पेजच्या मागे बसलेला प्रोग्राम तो लगेच खऱ्या साइटवर टाकतो, त्याला दोन-तीन सेकंद पुष्कळ झाले.

सिक्युरिटी कीमध्ये टाइप करायला काही नसतंच. पेनड्राइव्हसारखी यूएसबीत लावायची, मधला गोल लुकलुकायला लागला की बोट टेकवायचं, झालं. (साध्या मॉडेलमध्ये ते ठसा घेत नाही, समोर माणूस आहे एवढंच बघतं.) रजिस्टर करतानाच ती त्या साइटच्या पत्त्याशी बांधली जाते, त्यामुळे पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असलं तरी खऱ्या साइटवर लॉगिनला लागणारी कीची डिजिटल सही तिथे होतच नाही, मग तुम्ही फसलेले असलात तरी चालतं, कारण ही सिक्युरिटी की स्वतः फसत नाही. गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या ८५ हजारांवर कर्मचाऱ्यांना ही सक्तीची केली, आणि २०१८ मध्ये सांगितलं की तेव्हापासून फिशिंगने, म्हणजे अशा खोट्या पेजने फसवून, कोणाचंही ऑफिसचं अकाउंट गेलेलं नाही.

आता दुकानदार असून सांगतो, स्टीम ही की घेत नाही. तिथे त्यांचं मोबाईल ॲपच लावायचं, आणि ते न लावता ट्रेड (गेममधल्या वस्तूंची अदलाबदल) केलात तर आयटम १५ दिवसांपर्यंत अडकून राहतात ते वेगळंच. मग की कशाला? तर मेलसाठी. पासवर्ड विसरलो म्हटलं की रिसेटची लिंक येते कुठे, जीमेलवर, म्हणजे जीमेल गेलं की गेम गेलाच समजा, म्हणून की आधी जीमेलला लावा. बीजीएमआय हा मोबाईल गेम गूगल किंवा फेसबुक लॉगिनने खेळत असाल तर दोन्हीकडे की चालते, एक्सबॉक्सवाल्यांचं मायक्रोसॉफ्ट अकाउंटही घेतं. प्लेस्टेशनने २०२४ मध्ये आणि निन्टेन्डोने २०२३ मध्ये पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन) आणली, ती याच तत्त्वावर चालते आणि मोबाईलमध्ये फुकट बनते, ती आजच करून टाका.

की घेणार असाल तर दोन घ्या. एक किचेनला, एक घरच्या कपाटात, एकच असली आणि हरवली तर स्वतःच्याच अकाउंटच्या बाहेर बसाल. दोन परवडत नसतील तर सध्या ॲपवरच राहा, ते एसएमएसच्या ओटीपीपेक्षा कितीतरी बरं, कारण तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं तरी ॲपमधला कोड त्यात जात नाही. फक्त स्टीमचा तो आर अक्षराने सुरू होणारा रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा, दादरला गर्दीत फोन मारला गेला तर तोच कामाला येतो, फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवाल तर तो फोनबरोबरच जाणार.

क्रॅक केलेला गेम नाहीतर फुकटचा चीट डाउनलोड केलात आणि त्यातून व्हायरस आला तर तो चालू असलेलं लॉगिनच उचलून नेतो, तिथे की पण उपयोगाची नाही आणि ॲप पण नाही.

येताना लॅपटॉप आणि फोन दोन्ही आणा म्हणजे यूएसबी-ए लागेल का सी ते बघून देतो, फोनला एनएफसी (नुसतं जवळ टेकवून चालणारी वायरलेस सोय) असेल तर तीच की मागे टेकवूनही चालते. सेटिंग तुमच्यासमोर करून देऊ, पासवर्ड मात्र तुम्हीच टाकायचा, आम्हाला सांगायचा नाही.