ओल्या खोबऱ्याची चटणी आणि फुटाण्याची डाळ: कोकणातील एका वादाची पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावर पर्यटकांना न्याहरी देणाऱ्या घरांत गेली काही वर्षे एक वाद चालू आहे. घावन किंवा आंबोळीबरोबर वाढल्या जाणाऱ्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीत फुटाण्याची डाळ घालावी की घालू नये, हा तो वाद. बाहेरून पाहणाऱ्याला तो क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांत चटणी रोज वाटली जाते तेथे त्यावर गंभीरपणे बोलले जाते. चटणीत डाळ आली ती एखाद्या सुगरणीच्या लहरीने नव्हे. चटणी कशावर वाटली जाते, ती किती आणि कोणाला वाढली जाते आणि नारळ कोठून येतो, या तिन्ही गोष्टी दोन पिढ्यांत बदलल्या आणि त्या बदलांच्या शेवटी डाळ आली.

फार जुन्या काळात शिरण्याचे येथे कारण नाही. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्या काळच्या पदार्थांतील तिखटपणा मिरी, आले आणि पिंपळी यांचा होता. मिरची अमेरिकेतली. ती पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आली. १५१०मध्ये गोवा आणि १५३४मध्ये वसई त्यांच्या ताब्यात गेल्यानंतर पश्चिम किनारा हे तिच्या प्रसाराचे एक मोठे प्रवेशद्वार ठरले. कोकणात मात्र तिखट बदलले तरी आंबट फारसे बदलले नाही. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत कैरी, पावसाळ्यात बिंबली किंवा अंबाडे आणि उरलेले वर्षभर रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, वाळवलेली सोले, हा आंबटाचा क्रम पुष्कळ घरांत आजही पाळला जातो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे सोलांना बाजारात नाव मिळाले. चटणीत ती त्याच्या कितीतरी आधीपासून पडत होती.

पुढचे समजण्यासाठी ओली आणि सुकी यांतला भेद लक्षात घेतला पाहिजे. ताज्या खोबऱ्यात निम्म्याच्या आसपास पाणी आणि सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असतो. वाळवलेल्या खोबऱ्यात पाणी पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरते आणि तेलाचे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर जाते. किनाऱ्याच्या दमट उकाड्यात ओली चटणी सकाळी वाटली तर दुपारनंतर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून ती त्या जेवणापुरतीच वाटायची हा नियम होता. सुके खोबरे, लसूण, लाल मिरची आणि मीठ भाजून कुटलेली चटणी मात्र कोरड्या बरणीत पंधरवडा सहज टिकते. सोडे किंवा जवळा भाजून केलेली चटणीही याच जातीची आहे आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असताना पेजेला तिचाच आधार असे.

ओल्या चटणीचे घर म्हणजे पाटा. कोकणात घरांच्या भिंती जांभ्याच्या असल्या तरी जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ असल्यामुळे पाट्याला चालत नाही. त्याला काळा, कठीण दगडच लागतो. तो वापराने गुळगुळीत झाला की पाथरवटाकडून टाकी लावून तो पुन्हा खरखरीत करून घ्यावा लागे. वाटण्याचा क्रमही ठरलेला होता. मिरची, मीठ, आले किंवा लसूण आणि कोथिंबीर आधी बारीक करायची, मग सोल आणि शेवटी नारळाचा चव, म्हणजे खवलेले ओले खोबरे, तोही पाण्याच्या दोन-चार थेंबांवर. वरवंट्याच्या दाबाने खोबरे चिरडले जाते, त्यातले दूध आणि तेल बाहेर येऊन त्याच गोळ्यात मिसळते आणि चटणी स्वतःच्याच स्निग्धांशाने बांधली जाते. पाट्यावरून उचललेली चटणी पानावर ठेवली तर ती ओघळत नाही, त्याचे कारण हे आहे.

सुक्या चटणीचा इतिहास मुंबईकडे जातो. मुंबईतील पहिली सूतगिरणी १८५०च्या दशकात उभी राहिली आणि पुढच्या शंभर वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यात तेव्हा आजचा सिंधुदुर्गही होता, माणसे पिढ्यान्‌पिढ्या गिरण्यांत, गोदीत आणि घरकामाला जात राहिली. गावाची अर्थव्यवस्था मनीऑर्डरवर चालली हे सर्वज्ञात आहे. त्या मनीऑर्डरीच्या उलट दिशेने काय गेले, त्याची नोंद क्वचितच होते. बोटीने आणि नंतर एसटीने परत जाणाऱ्या चाकरमान्याच्या बोचक्यात कुळथाचे पीठ, सोले, सुकी मासळी आणि लसणीची सुकी चटणी असे. एका खोलीत पाळीपाळीने राहणाऱ्या, खानावळीत जेवणाऱ्या पुरुषांजवळ पाटाही नव्हता आणि नारळ फोडून चटणी वाटण्याइतकी फुरसतही नव्हती. १९६६च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर वडापाव विकला जाऊ लागला आणि लसूण-खोबऱ्याची लाल सुकी चटणी त्याच्यासोबत साऱ्या शहराच्या ओळखीची झाली. ही चटणी एकट्या कोकणची नाही, घाटावरही ती तितकीच घरोघरची आहे. पण कोकणी माणसाने मुंबईत नेलेली आणि मुंबईने स्वीकारलेली चटणी सुकी होती. ओली चटणी गावातच राहिली आणि घराबाहेर तिला कोणी ओळखत नव्हते.

१९६०च्या दशकात भारतीय बनावटीचे मिक्सर बाजारात आले. कोकणातील खेड्यांत ते बऱ्याच उशिरा पोहोचले. वाड्यावाड्यांपर्यंत वीज जाण्याला वेळ लागला आणि गेलेली वीजही पुरेशा दाबाची नसे. कित्येक घरांत पहिला मिक्सर मुंबईहून गणपतीला आलेल्या मुलाने आणला. मिक्सरने बायकांचे श्रम वाचवले यात शंका नाही आणि पाट्याचे कौतुक करणाऱ्याने पाट्यापुढे उकिडवे बसून वाटप करणाऱ्या बाईच्या कंबरेचा आणि गुडघ्यांचा विचार आधी करावा. तरीही यंत्राने चटणी बदलली हे मान्य केले पाहिजे. पाते खोबरे चिरडत नाही, कापते. भांड्यात थोडेच खोबरे असेल तर ते कडेला उडून चिकटते आणि पाते मोकळे फिरते, म्हणून पाणी घालावे लागते. पाणी घातले की चटणी सैल होते आणि थोड्या वेळाने खाली पाणी व वर चोथा असे तिचे दोन भाग होतात. सैल चटणी बांधण्याची गरज येथे प्रथम निर्माण झाली.

त्या गरजेचे उत्तर मुंबईत तयार होते. १९४०च्या दशकापासून माटुंग्याच्या आसपास स्थिरावलेल्या दक्षिणी उपाहारगृहांनी इडली-डोशाबरोबर नारळाच्या चटणीची सवय शहराला लावली होती. या चटणीत फुटाण्याची डाळ असते आणि वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी असते. डाळीतील पिठूळ अंश पाणी धरून ठेवतो, त्यामुळे चटणी पातळ असूनही एकजीव राहते. दक्षिणेकडील घरांत ही पद्धत जुनी आणि तिच्या जागी योग्यच आहे. कोकणातल्या ओल्या चटणीत मात्र डाळही नव्हती आणि बहुतेक घरांत फोडणीही नव्हती.

१९९७मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. तारकर्ली, मालवण, गुहागर, दिवेआगर येथे माणसे राहायला येऊ लागली. राज्याच्या पर्यटन यंत्रणेने निवास आणि न्याहरी अशी योजना आखली. घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि सकाळचे खाणे करून घालायचे. दक्षिण कोकणातील शेतकरी घराची सकाळ परंपरेने पेजेची होती. पेज पाहुण्याला द्यावी असे कोणाला वाटले नाही, याची मला आजही हळहळ वाटते. त्याऐवजी एरवी प्रसंगाने होणारे घावन आणि आंबोळी रोजच्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर ओली चटणी प्रथमच विकण्याच्या पदार्थांत आली.

वादाचे मूळ माझ्या मते याच ठिकाणी आहे. चटणी पानाच्या डाव्या बाजूला वाढली जाते, बोटाने चाखली जाते आणि तिचे प्रमाण एखाद्या चमच्याचे असते. पेजेबरोबरही ती तेवढीच लागे. घावनाबरोबर मात्र ती वाटीत आली, घावन तिच्यात बुडवले जाऊ लागले आणि संपली की पुन्हा मागितली जाऊ लागली. मध्यम नारळाचा चव साधारण दोन वाट्या भरतो. पूर्वी त्यात पाच-सहा माणसांच्या घराची चटणी होऊन कालवणाच्या वाटपालाही खोबरे उरे. आता तेवढ्यात तीन-चार पाहुण्यांची न्याहरीसुद्धा जेमतेम भागते. दहा खोल्यांच्या निवासाला सकाळच्या चटणीलाच चार-पाच नारळ लागतात आणि दुपारच्या माशाच्या कालवणाचे, सोलकढीचे नारळ वेगळे.

डाळ घालणाऱ्यांची बाजू त्यामुळे पोकळ नाही. डाळीने चटणी वाढते, पाणी सोडत नाही आणि सकाळी साडेसात ते दहापर्यंत उठेल तसा येणाऱ्या पाहुण्याला एकसारखी वाढता येते. शहरातून आलेल्या पाहुण्याच्या जिभेला ती ओळखीचीही असते; डाळ नसलेली, सोलामुळे किंचित काळपट झालेली दाटसर चटणी पाहून ती शिळी आहे का, असे विचारणारे लोक असतात. न घालणाऱ्यांचे म्हणणे असे की डाळीचा भाजका वास खोबऱ्याच्या गोडीवर बसतो, मग ती झाकण्यासाठी साखर आणि फोडणी येते आणि शेवटी पाहुण्याला मालवणात बसून तीच चटणी मिळते जी त्याने परवा आपल्या घराखालच्या उपाहारगृहात खाल्ली होती. दोन्ही बाजू ऐकल्यावर मला दुसरी अधिक खरी वाटते. पाहुण्याला भरपूर चटणी हवी असते हे खरे, पण भरपूर देण्याची सवय त्याला न्याहरीच्या घरांनीच लावली आहे. डाळीविनाही चटणी बांधता येते: नारळाचा पहिला दाट रस काढलेला चोथा न वापरता अखंड चव घ्यावा, मिक्सरचे लहान भांडे भरेल इतका घ्यावा, म्हणजे पाते मोकळे फिरत नाही आणि पाणी कमी लागते, आणि यंत्र थांबत थांबत चालवावे. सोलकढीचे दूध काढून उरलेला चोथा चटणीत ढकलला जातो तेथे डाळीवाचून गत्यंतर राहत नाही, ही गोष्ट या चर्चेत फारशी कोणी बोलून दाखवत नाही.

नारळाच्या टंचाईने हा प्रश्न अलीकडे आणखी कठीण केला. १९९८च्या सुमारास केरळात आढळलेली इरिओफाइड कोळी ही कीड किनाऱ्याने वर सरकली आणि कोकणातल्या माडांवर खरबरीत, लहान फळे दिसू लागली. गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा यांचा त्रास जुनाच होता. वानर आणि माकडे यांचा वाढला. माडावर चढणारी माणसे कमी झाली आणि पाडप, म्हणजे नारळ उतरवून घेणे, महाग झाले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या; पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने दक्षिणेकडील बागांना झोडपले. उंच जातीच्या माडाला फळ धरण्यास सहा ते आठ वर्षे लागतात. दरम्यान न्याहरीच्या घरांना कर्नाटक आणि केरळातून येणारा नारळ विकत घ्यावा लागला आणि २०२५मध्ये त्याचेही भाव कडाडले. ज्या घराने निसर्ग वादळापूर्वी कधी डाळ आणली नव्हती त्या घराने त्यानंतर ती आणली असेल, तर त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

याच काळात बचत गटांच्या सुक्या चटण्या बाटल्यांतून आणि पाकिटांतून विकल्या जाऊ लागल्या. अन्नसुरक्षा कायद्याचे नियम २०११पासून लागू आहेत. त्यांनुसार लहान उत्पादकालाही नोंदणी करावी लागते आणि पाकिटावर घटक उतरत्या प्रमाणात छापावे लागतात, त्यामुळे लसणीच्या चटणीत खोबरे अधिक आहे की शेंगदाणे, हे घेणाऱ्याला कळते. ताटात वाढलेल्या ओल्या चटणीवर असे काही छापलेले नसते. ती डाळीची आहे की निव्वळ नारळाची, हे वाढणाऱ्याने सांगितले तरच कळते. काही घरांत आता विचारण्याआधीच ते सांगितले जाते आणि नारळाची चटणी चमचाभर, डाळीची वाटीभर अशी दोन्ही ठेवली जाते.