स्पेक्ट्रमच्या दुखण्यांचे मूळ

23 एप्रिल 1982 रोजी सिंक्लेअर रिसर्चने झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर केला, तेव्हा 16के, म्हणजे 16 किलोबाइट मेमरीच्या, मॉडेलची किंमत 125 पौंड होती आणि 48केची 175. रंगीत चित्र दाखवणारा घरगुती संगणक इतक्या पैशांत द्यायचा, तर प्रत्येक सुट्या भागात काटकसर आलीच. आज हे यंत्र उघडून बसणाऱ्याला त्या काटकसरीचा हिशेब बोर्डावर वाचता येतो.

खरे दुखणे मेमरीचे. खालच्या 16केसाठी 4116 जातीच्या आठ चिप वापरल्या होत्या. या चिपला तीन व्होल्टेज लागतात: +5, +12 आणि −5. अडॅप्टरमधून येतात फक्त 9. मग बारा आणि उणे पाच बोर्डावरच तयार करायचे, एक कॉइल आणि दोन-तीन ट्रान्झिस्टरच्या जोरावर. त्यातला टीआर4 गेला की उणे पाच नाहीसे होते, आणि ते नसताना चिपला बाकीची वीज मिळत राहिली की चिपही जातात. टीआर4 जळण्याचे नेहमीचे कारण अगदी घरगुती आहे: यंत्र चालू असतानाच मागच्या कनेक्टरला जॉयस्टिकचा इंटरफेस खुपसणे किंवा उपसणे.

पण स्क्रीनची मेमरीही याच 16केमध्ये आहे, आणि आठ चिपांपैकी प्रत्येकीकडे बाइटचा एकेक बिट. एक चिप मेली की दर आठव्या पिक्सेलवर उभी रेघ उमटते. रेघ आठांतल्या कितव्या जागी आहे ते मोजा, चिप सापडते. आजार स्वतःच दाखवणारे असे यंत्र मला फार मोलाचे वाटते.

48के मॉडेलमधल्या वरच्या 32केची गोष्ट आणखी बोलकी. तिथे बसवलेल्या चिप मुळात 64 किलोबिटच्या, पण अर्धा भाग सदोष निघालेल्या. चांगला अर्धा वापरायचा. कुठला अर्धा, ते बोर्डावरच्या तारेच्या जोडणीने ठरायचे. म्हणून आठही चिप एकाच बाजूने चांगल्या असाव्या लागत. आता त्यांच्या जागी 4164 या पूर्ण 64 किलोबिटच्या धडधाकट चिप बसवतात आणि तो प्रश्नच मिटतो.

कीबोर्डखालचे प्लास्टिकचे मेंब्रेन, म्हणजे कळ दाबल्याचे ओळखणारा पातळ पडदा, घडीवर कडक होऊन तडकते. ते पुन्हा नव्याने बनू लागले आहे. कपॅसिटर वयाने सुकतात, तेही बदलतात. चित्र आणि कीबोर्ड सांभाळणारी फेरांटी कंपनीची यूएलए चिप मात्र खास सिंक्लेअरसाठी बनलेली. तिच्यासाठी जुन्या बोर्डाचा बळी द्यावा लागे. आता तिच्या जागी बसणारे छोटे पर्यायी बोर्ड मिळतात.

1986मध्ये अ‍ॅमस्ट्रॅड या दुसऱ्या संगणक कंपनीने स्पेक्ट्रमचे हक्क घेतले. त्याच सुमारास भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने स्पेक्ट्रम प्लस आणला. प्लसचा कीबोर्ड मोठा, आतली रचना 48केचीच. तेव्हा माळ्यावरचा एखादा खाली काढलात, तर अडॅप्टर लावल्यावर आधी 4116च्या पहिल्या पिनेवर मल्टिमीटर टेकवा. उणे पाच दिसले नाही, तर लगेच वीज बंद करा आणि टीआर4 तपासा. चिपांना हात नंतर.