रोरिक यांची हिमालयचित्रे

रशियन चित्रकार निकोलस रोरिक (९ ऑक्टोबर १८७४ – १३ डिसेंबर १९४७) यांनी हिमालयाच्या सहवासात रंगवलेली निसर्गचित्रे. डिसेंबर १९२३ मध्ये ते सहकुटुंब भारतात आले. १९२४ मध्ये दार्जिलिंग–सिक्कीम भागात कांचनजंगा (८,५८६ मी.) समोर ठेवून त्यांनी चित्रे काढली. १९२५–२८ या काळात मध्य आशिया आणि तिबेटची खडतर मोहीम केली आणि नंतर कुलू खोऱ्यातील नग्गर येथे ते अखेरपर्यंत राहिले.

शिखर म्हणजे साधनेची जागा, ही त्यांची धारणा होती. पत्नी हेलेना यांच्यासह त्यांनी मांडलेल्या ‘अग्नियोग’ या विचारातही पर्वताला असेच स्थान आहे. ‘शोधाचा मोती’ (१९२४) या चित्रात गुरू आणि शिष्य मण्यांची माळ न्याहाळत बसले आहेत. मागे ढगांचे थर, त्यांच्यावर हिमशिखरे. माणसे इतकी लहान की नजर आधी डोंगरावर जाते, मग खाली उतरून त्यांना शोधते. रूपकाचा अर्थ कळला नाही तरी बिघडत नाही. प्रमाणानेच बरेचसे सांगून टाकलेले असते.

हा परिणाम साधतो तो मुख्यतः टेंपेरामुळे, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांमुळे. हे रंग लवकर वाळतात आणि तैलरंगासारखे चकाकत नाहीत. उंचावरच्या विरळ हवेत धूळ व बाष्प कमी, त्यामुळे दूरची धारही रेखीव दिसते. रोरिक ती सपाट, स्वच्छ रंगपट्ट्यांत मांडतात : पायथ्याशी गर्द निळा, वर जांभळा, माथ्यावर पहाटेचा गुलाबी. रंगमंचावर एकामागे एक पडदे सोडावेत तशा या रांगा दिसतात. त्यात नवल नाही. संगीतकार स्त्राविन्स्की यांच्या ‘वसंताचा विधी’ (१९१३) या बॅलेचे नेपथ्य त्यांचेच होते. बुद्ध, ऋषी, घोडेस्वार असलेली काही चित्रे मात्र बोधचित्राकडे झुकतात. निव्वळ डोंगर असलेल्या लहान चित्रांत ते अधिक मोकळे वाटतात.

नग्गर येथील त्यांच्या घरात आज संग्रहालय आहे. न्यूयॉर्क व रशियातही मोठे संग्रह आहेत. भारत सरकारने १९७९ मध्ये त्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिल्याने भारतात असलेल्या कलाकृती देशाबाहेर विकता येत नाहीत. बहुतेकांना ही चित्रे माहीत असतात ती गुळगुळीत कागदावरच्या छपाईतून. तिथे निळा भडक होतो आणि टेंपेराचा कोरडा, खडूसारखा पोत हरवतो.