भोरड्यांच्या थव्याला म्होरक्या नसतो

हिवाळा लागला की सोलापूर, इंदापूरकडचे भोरड्यांचे व्हिडिओ फिरायला लागतात. संध्याकाळच्या आभाळात हजारो पाखरांचा थवा घडीघडीला आकार बदलत वळतोय आणि खाली हमखास एक ओळ: ‘बघा, एका नेत्यामागे सगळे कसे शिस्तीत जातात!’ हेतू चांगला असेल, पण उदाहरण चुकलं. या थव्यात नेताच नाही.

मग सगळे एकदम वळतात कसे? एडमंड सेलूस या इंग्रज पक्षीनिरीक्षकाने 1931 साली यामागे विचारसंक्रमण, म्हणजे एकाच्या मनातला विचार थेट दुसऱ्याच्या मनात पोचणं, असावं असं मांडलं होतं. आज त्याला आपण हसतो, पण तेच ‘ऊर्जा’ आणि ‘कंपनं’ म्हणून आलं की बिनदिक्कत पुढे ढकलतो.

उत्तर सापडलं रोममध्ये. तिथे थंडीत भोरडीच्याच कुळातले स्टार्लिंग रेल्वे स्टेशनाच्या परिसरात रातथाऱ्याला येतात. आंद्रेआ काव्हान्या, जॉर्जिओ पारिसी (2021 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी) आणि सहकाऱ्यांनी जवळच्या एका संग्रहालयाच्या गच्चीवर कॅमेरे लावले. वेगवेगळ्या जागांवरून एकाच क्षणी काढलेले फोटो जुळवून थव्यातल्या पाखरांची त्रिमितीतली जागा काढली.

आता जरा नीट लक्ष द्या. कुठलंही एक पाखरू घ्या. त्याचा सर्वांत जवळचा शेजारी नाकासमोर क्वचितच असतो, बहुधा बाजूला असतो. दुसऱ्या, तिसऱ्या शेजाऱ्याचंही तेच, पण बाजूची ही ओढ कमी कमी होत जाते आणि सहाव्या-सातव्यानंतर पार नाहीशी होते. त्यापलीकडची पाखरं सगळ्या दिशांना सारखीच विखुरलेली. म्हणजे पाखराचा संबंध जेमतेम सहा-सात जणांशी. आणि थवा दाट असो की विरळ, आकडा तोच! ‘अमुक मीटरच्या आतले सगळे’ असा हिशेब असता, तर दाट थव्यात हा आकडा वाढला असता. पाखरू अंतर बघत नाही, डोकी मोजतं. हा निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाला.

ससाणा घुसला की याचा फायदा कळतो. थवा ताणला जातो, पाखरं लांब लांब फेकली जातात. अंतराचा नियम असता तर कडेची पाखरं तिथेच एकटी पडली असती आणि ससाण्याचं आयतंच फावलं असतं. सहा-सात जणांचा धागा मात्र ताणला तरी टिकतो, म्हणून थवा पुन्हा सांधतो.

वळण सुरू करतात ती मोजकी पाखरं. तिथून ते शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सेकंदाला 20 ते 40 मीटर वेगाने पसरतं. पाखरं स्वतः उडतात त्याहून हा वेग बराच जास्त, त्यामुळे आपल्याला सगळे एकदमच वळल्यासारखे वाटतात.

भिगवणला येणाऱ्या पट्टकादंब हंसांच्या बाणासारख्या रांगेचं गणित निराळं. अशा रांगेत पुढच्याच्या पंखाच्या टोकाबाहेर हवा वर उचलली जाते आणि मागच्याचे श्रम वाचतात. म्हणजे सर्वांत पुढच्याला मानापेक्षा दमणूकच जास्त. आयबिस या लांब, वाकड्या चोचीच्या पक्ष्यांच्या अशा रांगांमध्ये तर ती जागा पाखरं आळीपाळीने घेताना आढळली आहेत.